आत ओढलेल्या श्वासाचे वाद्य

ठाण्याच्या वर्तकनगरात गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारती आणि त्यांच्या जागी उभे राहिलेले उंच मनोरे आज शेजारी शेजारी नांदत आहेत. जुन्या इमारतींतील खोल्या लहान आणि भिंती पातळ. एका घरातील कुकरची शिट्टी दुसऱ्या घराला सहज ऐकू जाते. अशा वस्तीतील व्यापारी कुटुंबात मुलाने किंवा मुलीने वाद्य शिकण्याची इच्छा बोलून दाखवली, की चार प्रश्न ठरलेले असतात. वडील विचारतात, "अभ्यासाचे आणि दुकानाचे काय?" आई विचारते, "ठेवायचे कुठे, आणि शेजाऱ्यांना त्रास नाही का होणार?" आजोबांचा प्रश्न वेगळा असतो : "त्यात कातडे किंवा हाड आहे का?" आणि आजी सामायिक आटोपून उठता उठता सर्वांत कठीण प्रश्न विचारते : "त्याने आत्म्याचे काय भले होणार?"

हे चारही प्रश्न रास्त आहेत. त्यांना हसून टाळणे जितके चुकीचे, तितकेच त्यांच्या धाकाने मुलाला गप्प बसवणेही चुकीचे. माउथ ऑर्गन आणि बारा तारांची गिटार या दोन परदेशी वाद्यांच्या इतिहासात या प्रश्नांची काही उत्तरे सापडतात. अमेरिकेतील 'ब्लूज' नावाच्या संगीतात ही दोन्ही वाद्ये नावारूपाला आली, ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नव्हे, तर शेतमजुरांच्या ओसरीवर आणि रस्त्याच्या कडेला.

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहणे उचित. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे, की भगवान ऋषभदेवांनी राज्यावस्थेत बहात्तर कलांचा उपदेश केला. त्यांत लेखन आरंभी, गणित प्रधान आणि पक्ष्यांचे बोल ओळखणे शेवटी. चोपडा लिहिण्यास लागणाऱ्या दोन्ही विद्या तेथे अग्रभागी आहेत, आणि समवायांग सूत्रातील यादीत त्यांच्यापासून फार दूर नाहीत गीत आणि वाद्य. श्रीपाल राजाच्या कथेचा ठाण्याशी असलेला संबंध टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आयंबिलच्या ओळीत श्रीपाल रास ऐकताना हाच श्रीपाल ठेंगण्याचे रूप घेऊन वीणावादनाचा पण जिंकतो, हा प्रसंग मुले कान टवकारून ऐकतात.

याला दुसरी बाजूही आहे. साधू-साध्वींना गीत-वाद्याचा रस वर्ज्य आहे. स्थानकवासी आणि तेरापंथी उपासनेत वाद्याला स्थान नाही. मूर्तिपूजक देरासरात मात्र स्नात्रपूजेला आणि भावनेला पेटी हमखास असते. दिगंबर परंपरेतील आदिपुराणात तर नीलांजनेचे नृत्य चालू असतानाच तिचे आयुष्य संपते आणि तो क्षण ऋषभदेवांच्या वैराग्याचे निमित्त ठरतो. फुंकण्याने वायुकायिक जीवांची विराधना होते, हेही शास्त्र सांगते. म्हणून श्रावकापुढील प्रश्न मर्यादेचा आहे. भोगोपभोगाचे परिमाण किती, आणि जे करतो ते निरर्थक तर नाही ना, अशा दोन कसोट्यांवर कोणतेही वाद्य घासून पाहावे लागते.

माउथ ऑर्गन, म्हणजेच हार्मोनिका, हे देरासरातील पेटीचे धाकटे भावंड आहे. दोहोंत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. हवा त्यांच्यावरून गेली की त्या थरथरतात आणि सूर उमटतो. पेटीत ही हवा भाता पुरवतो, माउथ ऑर्गनमध्ये माणसाची छाती. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी हार्मोनियमचा हक्क १८४२ मध्ये नोंदवला, तर जर्मनीतील ट्रॉसिंगेन गावच्या माथियास होनर या घड्याळजीने १८५७ मध्ये माउथ ऑर्गनचा व्यवसाय आरंभला. पहिल्या वर्षी त्याच्या घरगुती कारखान्यात अवघे साडेसहाशे नग तयार झाले, असे सांगितले जाते. पुढे होनरची वाद्ये बोटींनी अमेरिकेला गेली. किंमत इतकी कमी, की मजुरालाही ते परवडावे. आणि आकार इतका लहान, की सदऱ्याच्या खिशात मावावे.

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. अपमान मात्र संपला नाही. कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या कामाच्या गाण्यांतून, प्रार्थनेतून आणि एकट्याने घातलेल्या सादेतून पुढे ब्लूज जन्माला आले. त्याची बांधणी साधी असते. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. जात्यावर बसून सासरचे दुःख ओवीत घालणाऱ्या स्त्रीला ही रीत परकी वाटली नसती. दुःख मिटवण्याचा दावा या गाण्यात नसतो. ते नीट मांडता यावे एवढीच इच्छा असते.

डीफोर्ड बेली यांचे चरित्र या संदर्भात मनन करण्याजोगे आहे. टेनेसी राज्यात १८९९ मध्ये त्यांचा जन्म झाला. पूर्वज गुलाम होते. वयाच्या तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि सुमारे वर्षभर ते मूल अंथरुणाला खिळून राहिले. हात तेवढे हलत होते. त्या हातांत घरच्यांनी माउथ ऑर्गन दिला. पडल्या पडल्या त्याने ऐकले ते वाजवले : कोंबड्या, कुत्र्यांचे भुंकणे, आणि दूरवरून जाणारी आगगाडी. पाठीत बाक राहिला आणि उंची पाच फुटांच्या आतच राहिली. परंतु १९२७ मध्ये नॅशव्हिलच्या रेडिओवर त्यांनी 'पॅन अमेरिकन' नावाच्या गाडीची धडधड आणि शिट्टी एका माउथ ऑर्गनमधून उभी केली, तेव्हा श्रोते थक्क झाले. त्याच रात्री त्या कार्यक्रमाला 'ग्रँड ओल ऑप्री' हे पुढे जगप्रसिद्ध झालेले नाव मिळाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यात येऊन थांबली, त्या गावच्या वाचकांना आगगाडीचे हे संगीत समजावून सांगण्याची गरज नाही.

बेली दौऱ्यावर जात, तेव्हा सहकारी ज्या हॉटेलात उतरत तेथे वर्णामुळे त्यांना जागा नाकारली जाई. १९४१ मध्ये गाण्यांच्या हक्कांच्या वादाचे निमित्त झाले आणि त्यांना कार्यक्रमातून काढण्यात आले. त्यानंतर उदरनिर्वाहाला आले ते त्यांचे बुटांना पॉलिश करण्याचे दुकान. मंचावर ते क्वचितच परतले; वाद्य मात्र त्यांनी सोडले नाही. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या सन्माननीयांत त्यांचे नाव कोरले गेले ते २००५ मध्ये. वडिलांच्या प्रश्नाला येथे एक उत्तर आहे. दुकानाने बेलींना भाकर दिली आणि वाद्याने त्यांना बेली ठेवले. ज्याच्या पाठीशी धंदा आहे, त्याला कलेकडे पैसा मागावा लागत नाही; आणि ज्याच्यापाशी कला आहे, त्याला मंदीच्या दिवसांतही आपण केवळ गल्ल्यामागचा माणूस आहोत असे वाटत नाही.

ब्लूजमधील माउथ ऑर्गनचे मर्म मात्र श्वासाच्या दिशेत आहे. साध्या माउथ ऑर्गनला दहा छिद्रे आणि वीस पट्ट्या असतात. प्रत्येक छिद्रात श्वास सोडल्यावर एक सूर आणि श्वास आत ओढल्यावर दुसरा. पेटीच्या भाषेत सांगायचे तर, पांढरी एकचा माउथ ऑर्गन युरोपातील लोकगीतांसाठी बनवला होता आणि त्याचा मुख्य सूरमेळ श्वास सोडताना मिळत असे. ब्लूज वाजवणाऱ्यांनी तो उलटा वापरला. पांढरी एकच्या वाद्यावर ते पांढरी पाचमध्ये वाजवू लागले. आपल्याकडील मूर्च्छनेप्रमाणे त्यांनी पंचमालाच षड्ज मानले. असे केले की मुख्य सूर बाहेर टाकलेल्या श्वासाऐवजी आत ओढलेल्या श्वासावर येतात. शिवाय श्वास ओढताना जिभेची ठेवण आणि घशातील पोकळी बदलली, तर सूर खाली वाकवता येतो. दोन स्वरांमधील ती घसरण म्हणजे आपली मींडच.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. पेटीला मींड काढता येत नाही, हा आपल्या संगीतज्ञांचा जुना आक्षेप. अशाच आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दूर ठेवले होते. जे थोरल्या भावंडाला साधले नाही, ते खिशात मावणाऱ्या धाकट्याने साधले. तेही अधिक यंत्र बसवून नव्हे, तर माणसाने आपला श्वास आवरल्यामुळे. सूर वाकवताना जोर लावला तर पट्टी गुदमरते आणि आवाज निघतच नाही. नवशिक्याची पहिली चूक हीच असते. श्वास सावकाश, पोटापासून आणि मोजून ओढावा लागतो.

श्वास मोजणे आपल्याला नवीन नाही. कायोत्सर्गाचे माप घड्याळात नसून श्वासोच्छ्वासांत सांगितले आहे : एका नवकाराचे आठ, एका लोगस्सचे पंचवीस. आजीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणत्याही वाद्यात नाही आणि तसा दावा करणे अविनय ठरेल. माउथ ऑर्गन म्हणजे सामायिक नव्हे. परंतु आपला श्वास आपल्या आज्ञेत नाही, हे ज्या मुलाला उपदेशाने पटत नाही, त्याला ते दहा छिद्रांचे वाद्य पहिल्याच आठवड्यात पटवून देते. मनात राग असताना ब्लूजचा वाकवलेला सूर लागत नाही. तो लागावा म्हणून मुलगा आधी शांत बसायला शिकला, तर आजीला त्यात वाईट काही दिसणार नाही.

बारा तारांच्या गिटारची प्रकृती याहून निराळी. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात. हिच्यात त्याच सहांच्या सहा जोड्या असतात. खालच्या स्वरांच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली; वरच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुराच्या. एक आघात केला की दोन तारा बोलतात आणि तंबोऱ्याच्या झंकाराची आठवण व्हावी असा भरीव नाद उठतो. रस्त्यावर गाणाऱ्याला हा मोठा आवाज उपयोगी पडे. अटलांटाचे अंध गायक ब्लाइंड विली मॅकटेल हिच्याच साथीने गात. लेड बेली या नावाने ओळखले जाणारे हडी लेडबेटर लुइझियानातील अंगोला तुरुंगात असताना १९३३ मध्ये जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीत-संग्राहक पितापुत्रांना भेटले. बारा तारांच्या गिटारवरील त्यांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण पुढे जगभर पसरले. खुनासारख्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगलेला माणूस आपल्यामागे शेकडो लोकगीतांचा ठेवा सोडून १९४९ मध्ये गेला. पापाचा तिरस्कार करावा, पाप्याचा नव्हे, हे शिकवणाऱ्या समाजाला ही कथा परकी वाटू नये.

ही दोन्ही वाद्ये मुंबईत आली, रुळली आणि घराघरांत पोचली ती हिंदी चित्रपटांमुळे. 'सोलहवाँ साल' (१९५८) मधील आगगाडीच्या डब्यात चित्रित झालेल्या गाण्यातील माउथ ऑर्गन तरुण राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता. संगीत त्यांच्या वडिलांचे, सचिनदेव बर्मन यांचे. आणि माउथ ऑर्गन ज्या चित्रपटाचे जणू तिसरे पात्रच आहे, त्या 'दोस्ती' (१९६४) चे निर्माते होते ताराचंद बडजात्या. राजस्थानातील कुचामनच्या जैन मारवाडी कुटुंबातील या गृहस्थांनी १९४७ मध्ये राजश्री ही संस्था स्थापली आणि वितरणाच्या व्यवसायातून पुढे निर्मितीकडे ते वळले. 'दोस्ती'त नामवंत तारे नव्हते. पाय अधू झालेला रामू माउथ ऑर्गन वाजवतो, अंध मोहन गातो, आणि रामूचे शिक्षण व्हावे म्हणून मोहन रस्त्यावर उभा राहतो, एवढीच कथा. व्यवहाराच्या हिशोबाने हा धोक्याचा सौदा होता. त्या वर्षी समोर राज कपूर यांच्या 'संगम'सारखा भव्य चित्रपट होता. तरीही 'दोस्ती'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा फिल्मफेअर पुरस्कार मिळाले आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या तरुण जोडीचे नाव सर्वतोमुखी झाले. रामूच्या ओठांवरचा माउथ ऑर्गन प्रत्यक्षात वाजवला होता तो राहुलदेव बर्मन यांनी. स्वतः संगीतकार असलेल्या माणसाने व्यवसायातील प्रतिस्पर्ध्यांसाठी ही सेवा मैत्रीखातर केली.

पुढे राहुलदेव यांच्या वाद्यवृंदात ही परंपरा भानू गुप्ता यांनी चालवली. कोलकात्याहून मुंबईस आलेले हे कलावंत गिटार आणि माउथ ऑर्गन दोन्ही वाजवीत. 'शोले' (१९७५) मध्ये रात्रीच्या शांततेत जय ओसरीवर बसून जी धून वाजवतो आणि समोरच्या हवेलीत राधा एकेक दिवा मालवत जाते, त्या प्रसंगातील माउथ ऑर्गन त्यांचा. त्या दृश्यात संवाद नाहीत. विधवा सुनेविषयीची करुणा, न बोललेली ओढ आणि मर्यादा हे सारे त्या इवल्या वाद्याने पेलले आहे. कोट्यवधी लोकांनी ती धून गुणगुणली. वाजवणाऱ्याचे नाव मात्र त्यांतील फार थोड्यांना ठाऊक होते. त्या काळी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वादकांची नावे क्वचितच येत. २०१८ मध्ये भानू गुप्ता गेले, तेव्हा अनेकांना ते नाव प्रथमच वाचायला मिळाले. गुप्तदानाचे मोल जाणणाऱ्या वाचकांना या कलेतील गुप्तदान ओळखता यावे. मात्र देणाऱ्याने नाव लपवणे हे पुण्य, आणि घेणाऱ्याने नाव विसरणे ही कृतघ्नता, हा भेदही ध्यानात ठेवावा.

आता आई आणि आजोबांच्या प्रश्नांकडे वळता येईल. माउथ ऑर्गनला जागा लागत नाही. कपाटातील वहीशेजारी तो राहतो. दोन्ही तळव्यांत धरून हळू वाजवला तर आवाज खोलीबाहेर फारसा जात नाही, आणि उघड्यावर वाजवायचा असेल तर उपवन तलावाचा काठ जवळच आहे. आरंभासाठी पांढरी एकचा, दहा छिद्रांचा साधा नग पुरेसा. वाजवण्यापूर्वी चूळ भरावी, नंतर वाद्य झटकून कोरडे करावे आणि दुसऱ्याच्या तोंडचे वाद्य कधीही घेऊ नये. बारा तारांची गिटार मात्र पहिली गिटार म्हणून घेऊ नये. तिच्या तारा दाबायला बोटांत बळ लागते, सुरात लावायला वेळ जातो आणि तारांचा ताण दांड्यावर मोठा असतो. सहा तारांवर हात बसल्यानंतरच तिचा विचार करावा.

आजोबांचा प्रश्न दुकानात विचारण्यास संकोच करू नये. माउथ ऑर्गनमध्ये धातू आणि लाकूड किंवा प्लास्टिक असते. कातडे किंवा हाड नसते. या दृष्टीने तो चामड्याने मढवलेल्या तबल्या-ढोलकीपेक्षा निर्दोष आहे. गिटारच्या तारा पोलादाच्या किंवा ब्राँझच्या वेष्टनाच्या असतात. परंतु तारा ज्या दोन छोट्या पट्ट्यांवरून जातात, एक दांड्याच्या टोकाशी आणि दुसरी घोडीवर, त्या अनेक वाद्यांत गुरांच्या हाडाच्या केलेल्या असतात, आणि ते उच्च प्रतीचे लक्षण म्हणून सांगितले जाते. कृत्रिम द्रव्याच्या पट्ट्या सर्रास मिळतात आणि कारागीर त्या बदलूनही देतो. जुन्या पद्धतीने बांधलेल्या काही वाद्यांत प्राणिजन्य सरसही वापरलेला असतो, म्हणून तेही विचारावे. ज्या घरात पाकिटावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय बिस्किटही येत नाही, त्या घराला ही चौकशी जड नाही.

राहिली मर्यादा. एक वाद्य, दिवसातला ठरलेला अर्धा तास, सूर्यास्तानंतरचे जेवण टळले म्हणून मोकळी मिळालेली संध्याकाळ, आणि पर्युषणात स्वेच्छेने ठेवलेला विराम. एवढे नियम पाळले, तर वाद्य भोगाच्या बाजूला फार झुकत नाही. वडिलांनीही एखाद्या दिवशी दुकान वाढवून आल्यावर मुलाशेजारी बसून ऐकावे. वसुली थकलेली असते, भागीदाराचे बोलणे मनाला लागलेले असते. ते घरात कोणापाशी बोलता येत नाही. मुलगा श्वास आत ओढतो, सूर किंचित खाली वाकतो आणि पुन्हा आपल्या जागी येतो. वडिलांनी त्या वेळी हिशोबाची वही मिटून बाजूला ठेवली, तर मुलाला पुढचा सूर अधिक चांगला लागेल.